क्लिअरन्स ‘पार्क’ करता येत नाही

नमस्कार ताई,

मी मूळचा सांगलीचा. २००८ मध्ये एच-१बीवर आलो, २०१८ मध्ये अमेरिकेचा नागरिक झालो आणि २०२० च्या फेब्रुवारीत मला टॉप सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे सरकारची अतिगुप्त माहिती हाताळायची परवानगी, मिळाला. तेव्हापासून संरक्षण खात्याच्या एकाच कॉन्ट्रॅक्टवर क्लाउडचं काम करतोय. आता सरकारने पुढचं ऑप्शन इयर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची वर्षभराची मुदतवाढ, घ्यायचं नाही असं ठरवलंय. महिनाअखेर माझा शेवटचा दिवस. कंपनीकडे मला द्यायला दुसरं काम नाही.

हातात दोन गोष्टी आहेत. एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर आहे, पण ‘कॉन्ट्रॅक्ट मिळाल्यास’ या अटीवर. दुसरे एक ओळखीचे गृहस्थ छोटी कंपनी चालवतात. ते म्हणतात, ‘काम मिळेपर्यंत तुझा क्लिअरन्स आमच्याकडे पार्क करून ठेव, दरमहा थोडी फी दे, नाहीतर तो मरेल.’ कुणी सांगतं ३० दिवसांत जातो, कुणी म्हणतं दोन वर्षं चालतो.

त्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सहा आठवडे सांगलीला जायचंय. माझ्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट त्याच फेरीत विकायचाय. नंतर आई-बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणायचंय. इथल्या महाराष्ट्र मंडळातले एक अनुभवी म्हणाले, ‘मध्ये नोकरी नसताना कुणाला काही सांगायची गरज नाही. फ्लॅटचं तर बोलूच नकोस, फाइल पुन्हा उघडतात.’ माझ्याकडे ओसीआय कार्डही आहे. रात्री झोप लागत नाही.

— ॲशबर्नहून एक वाचक

*

पार्किंगवाल्या गृहस्थांना आजच नाही म्हणून टाक. मग बाकीचं बोलू.

तुला अरे-तुरे करतेय, वयाचा हक्क म्हणून समजून घे. २२ वर्षं मी व्हर्जिनियातल्या रूट २८ च्या आजूबाजूच्या ऑफिसांत काढली, त्यातली शेवटची ९ एका छोट्या कंपनीची एफएसओ, म्हणजे सुरक्षा अधिकारी म्हणून. ‘पार्किंग’ हा शब्द तेव्हाही कानावर यायचा. कधी फुकट, कधी ‘थोडी फी’ लावून. नियम काय सांगतो ते बघ. सरकारी गुपितं हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी जी नियमावली आहे, जिला आम्ही सगळे ‘निस्पॉम’ म्हणतो आणि जी २०२१ पासून रीतसर फेडरल नियम झाली, तिच्यात स्वच्छ लिहिलंय की कंपनीने कामाला लागतील तेवढ्याच माणसांसाठी क्लिअरन्स मागायचा, क्लिअर झालेल्या माणसांचा साठा करून ठेवायचा नाही. काम नसताना तुझं नाव आपल्या यादीत धरून ठेवणं म्हणजे असाच साठा. आणि त्यासाठी तुझ्याकडून पैसे? क्लिअरन्सच्या चौकशीचा खर्च सरकार करतं. उमेदवाराने एक पैसाही द्यायचा नसतो. जो मागतो त्याच्या जवळपासही फिरकू नये.

बरं, त्यांच्या कंपनीला स्वतःचा फॅसिलिटी क्लिअरन्स, म्हणजे कंपनीला मिळणारा क्लिअरन्स, तरी आहे का? तो नसेल तर तुझं नाव ठेवायला त्यांच्याकडे खुंटीच नाही. आणि तो कंपनीला स्वतःहून अर्ज करून मिळत नाही, सरकारी खातं किंवा आधीच क्लिअर झालेली एखादी कंपनी स्पॉन्सर लागते. ‘तुमच्या कंपनीचा केज कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला नंबर, काय आणि एफएसओ कोण’ एवढं विचारलंस की उत्तरावरूनच बरंच कळेल. आपल्या लोकांत आयटीच्या धंद्यात एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा अशी सबकॉन्ट्रॅक्टची उतरंड लावायची सवय आहे. साध्या कामात ती खपते. इथे उतरंडीतल्या ज्या ज्या मडक्याला गुपिताचा स्पर्श होतो, ते प्रत्येक मडकं आधी क्लिअर झालेलं असावं लागतं.

या सगळ्या घोळाचं मूळ एका गैरसमजात आहे. ‘माझा क्लिअरन्स’ असं आपण बोलतो, तो आपला नसतो. ड्रायव्हिंग लायसन्ससारखा तो खिशात घेऊन फिरता येत नाही. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने इगन नावाच्या एका माणसाच्या खटल्यात हे कायमचं सांगून टाकलं. तो वॉशिंग्टन राज्यात ट्रायडेंट पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रात मजूर होता. त्याला क्लिअरन्स नाकारला, म्हणून नोकरी गेली. कोर्टाने म्हटलं की क्लिअरन्सवर कुणाचाही हक्क नसतो. ते कटू आहे, पण त्याची दुसरी बाजू तुझ्या फायद्याची आहे. जो तुझा नाही, तो तुला सांभाळत बसावाही लागत नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पात्रता: तुझी चौकशी झाली, सरकारने तुला विश्वासार्ह ठरवलं, तशी नोंद झाली. दुसरी प्रवेश: एखाद्या ठरावीक कामासाठी तुला गुपितं बघायची परवानगी मिळाली. महिनाअखेर तुझा प्रवेश संपतो. पात्रता त्याच क्षणी मरत नाही. डीब्रीफ, म्हणजे प्रवेश संपल्याची रीतसर नोंद, झाल्यापासून २४ महिन्यांच्या आत तुला दुसऱ्या स्पॉन्सरने घेतलं, आणि मधल्या काळात काही वावगं झालं नसेल, तर सहसा नव्याने पूर्ण चौकशी लागत नाही. दोन वर्षं उलटली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेव्हा दोन वर्षंवाले बरोबर आहेत. ३० दिवसांचा आकडा कुठून आला देव जाणे. नोकरीच्या जाहिरातींत ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘करंट’ असे दोन शब्द दिसतात ना, त्यांचा अर्थ हाच. आज तू ॲक्टिव्ह आहेस, पुढच्या महिन्यात करंट असशील. रेझ्युमेवर तसंच खरं लिही. करंट माणसाला कंपन्या सहसा नाकारत नाहीत.

शेवटच्या आठवड्यात काय करायचं ते आता सांगते. बहुतेक जण इथेच ढिलाई करतात. केकवर नाव, सगळ्यांशी हस्तांदोलन, बॅज काउंटरवर ठेवला आणि चालू पडले. तसं करू नकोस. एफएसओची अर्ध्या तासाची वेळ माग. तुझ्या पात्रतेची पातळी आणि तारीख, शेवटची चौकशी कुठल्या प्रकारची होती आणि ती कधी बंद झाली, सतत तपासणीत तुझं नाव कुठल्या तारखेला घातलं गेलं, आणि तुझ्या नावावर एखादी घटना उघडी पडून आहे का, हे सगळं विचारून लिहून घे. ही माहिती ‘डिस’ नावाच्या सरकारी प्रणालीत असते. २०२१ च्या मार्चअखेर जुनी ‘जेपास’ बंद होऊन ती आली. त्यात डोकावायची सोय तुला नाही, एफएसओलाच आहे. डीब्रीफच्या कागदावर सही कर, त्याची तारीख जपून ठेव. २४ महिने तिथून मोजायचे. सीएसी कार्ड, म्हणजे संरक्षण खात्याचं ओळखपत्र, परत कर आणि पावती माग. पावतीचं ऐकून एफएसओ हसेल, हसू दे.

सतत तपासणीची तारीख मी मुद्दाम विचारायला सांगतेय. पूर्वी टॉप सिक्रेटवाल्यांची दर ५ वर्षांनी आणि सिक्रेटवाल्यांची दर १० वर्षांनी फेरचौकशी व्हायची. आता ती पद्धत गेली. संरक्षण खात्याने २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत आपल्या सगळ्या क्लिअर लोकांना सतत तपासणीत घातलं. म्हणजे गुन्ह्यांच्या, कर्जाच्या आणि इतर सार्वजनिक नोंदी संगणक आपणहून चाळत राहतो, काही दिसलं की घंटी वाजते. तुझी चौकशी २०२० ची. एका खात्याचा क्लिअरन्स दुसऱ्याने मानावा असा २०१८ चा आदेश आहे, त्यात ७ वर्षांपेक्षा जुनी चौकशी हा अपवाद ठेवलाय. म्हणून नुसती २०२० ची तारीख बघून एखादी भरतीवाली बाई नाक मुरडेल. तेव्हा ‘सतत तपासणीत अमुक तारखेपासून आहे’ हे वाक्य तुझ्या तोंडात तयार असू दे.

उघडी घटना म्हणालेय, त्यावर थोडं थांबते. तुझ्या नावावर काही तक्रार, अहवाल किंवा सरकारकडून आलेली आरोपांची यादी प्रलंबित असताना नोकरी सुटली, तर खात्याचा तुझ्यावरचा अधिकारच संपतो आणि प्रकरण अर्धवट लटकतं. मग पुढच्या कंपनीच्या स्क्रीनवर ‘पात्र’ या शब्दाच्या जागी तेच लटकलेलं प्रकरण दिसतं. ज्याची नोंद कोरी आहे असा माणूस शेजारी उभा असताना ती कंपनी तुझ्यासाठी धावाधाव का करेल? तुझ्याबाबतीत असं काही असेल असं पत्रावरून वाटत नाही. पण असलंच, तर या महिन्यातच त्या विषयातल्या वकिलाकडे जा, महिना संपल्यावर नको.

आता बदलीची यंत्रणा. नवीन कंपनीही संरक्षण खात्याच्याच कामावर असेल तर गंमत म्हणजे फारसं काही ‘ट्रान्सफर’ होतच नाही. नवीन एफएसओ डिसमध्ये तुझं नाव आपल्या ऑफिसखाली घेतो, पात्रता बघतो, ब्रीफिंग देतो, प्रवेश चालू करतो. गुपितं न फोडण्याच्या करारावर तू २०२० मध्येच सही केली आहेस. तो करार जन्माचा असतो. नोंद सापडली तर पुन्हा सहीसुद्धा लागत नाही. मी अशी माणसं एका दुपारी घेतली आहेत. दुसरं खातं असेल, समज होमलँड सिक्युरिटी, ऊर्जा खातं किंवा गुप्तचर संस्था, तर त्या खात्याने तुझी पात्रता मानल्याचा निर्णय द्यावा लागतो. २०१८ च्या त्याच आदेशात त्यासाठी कामाचे ५ दिवस दिलेत. कागदावर. पण ते ५ दिवस केवळ क्लिअरन्सचे. त्या खात्याची स्वतःची नोकरीसाठीची योग्यता तपासणी असेल, पॉलिग्राफ असेल, तर ते वेगळं चालतं आणि त्याला कितीही आठवडे लागतात. फोर्ट मीडला (एनएसए) किंवा लँग्लीला (सीआयए) जायचं असेल तर बँकेत सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच जा. एससीआय, म्हणजे गुप्तचर स्रोतांच्या खास माहितीचा, प्रवेश असेल तर तोही आपोआप सोबत येत नाही. आधीच्या कामावरून रीड-आउट होतं, म्हणजे तो प्रवेश बंद करतात, नव्या कामाचा सरकारी ग्राहक तुझं नाव पाठवतो, मग रीड-इन, म्हणजे नवा प्रवेश.

जाता जाता, ‘पब्लिक ट्रस्ट’, म्हणजे संवेदनशील पण गुप्त नसलेल्या सरकारी कामांसाठीची तपासणी, हा क्लिअरन्स नव्हे. मंडळात त्यावरून हमखास वाद होतो. आणि ग्रीन कार्डवाल्यांना किंवा एच-१बीवाल्यांना क्लिअरन्स मिळत नाही. बिगर-नागरिकाला फार क्वचित मर्यादित प्रवेशाची परवानगी देतात, तिला क्लिअरन्स म्हणत नाहीत. याविषयी मला दर महिन्याला पत्रं येतात, म्हणून लिहून टाकलं.

मोठ्या कंपनीच्या पत्राकडे वळू. ‘कॉन्ट्रॅक्ट मिळाल्यास’ म्हणजे नोकरी नाही, नोकरीची आशा आहे. कदाचित त्यांनी निविदेत तुझा रेझ्युमे घातला असेल आणि तू दुसरीकडे गेलास तर त्यांची अडचण होईल, म्हणून गोड बोलत असतील. त्यांना चार गोष्टी विचार. निविदा भरली की अजून भरायचीय? निकाल कधी अपेक्षित आहे? निधी मंजूर आहे का? आणि हे काम आज कोण करतंय? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. जुन्या कंपनीच्या हातून कॉन्ट्रॅक्ट गेलं की ती अनेकदा जीएओकडे, म्हणजे सरकारी खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, हरकत घेते. जीएओला निर्णय द्यायला १०० दिवस असतात आणि तोपर्यंत नवं काम बहुतेक वेळा थांबतं. म्हणजे निकाल लागला तरी तुझा पगार तीन-साडेतीन महिने लांबू शकतो. पत्रावर सही करून ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर इतर मुलाखती बंद करू नकोस. आणखी एक. तुझं सध्याचं काम पूर्ण बंद होतंय की दुसऱ्या कुणाकडे जातंय? जात असेल तर त्या नव्या कंपनीला या आठवड्यातच फोन कर. या गावात किती जणांची खुर्ची वर्षानुवर्षं तीच आणि गळ्यातल्या पट्ट्यावरचं कंपनीचं नाव तेवढं चौथं! नवीन कंपनीला तीच माणसं हवी असतात, कारण ती क्लिअर असतात आणि त्यांना कुलपं कुठे आहेत ते ठाऊक असतं.

शोधाशोध करताना थोडं सावध. ‘सल्लागार संस्था’ म्हणून अचानक मेसेज करणारे, दोन पानांच्या अहवालाला भरघोस पैसे देऊ म्हणणारे, घरबसल्या काम देणारे अनोळखी लोक तुला दिसतील. नोकरी गेलेले क्लिअर लोक परकीय हेरांना आवडतात, असा इशारा इथल्या प्रतिहेर यंत्रणांनी उघडपणे दिला आहे. सोशल सिक्युरिटी नंबर फक्त खऱ्या कंपनीच्या एफएसओला, तोही त्याचा कंपनीतला नंबर स्वतः शोधून फोन केल्यावर. प्रकल्पाचं सांकेतिक नाव रेझ्युमेवर नको, लिंक्डइनवर तर मुळीच नको.

आणि आता सांगली.

मंडळातल्या अनुभवी गृहस्थांचा सल्ला मला आधीपासून माहीत आहे. दर गणपतीत कुणीतरी तो कुणालातरी देतंच. ‘सांगितलं नाही तर कळणार नाही.’ अरे, क्लिअरन्स जातात ते भारतात आई-वडील असल्यामुळे नव्हे. सुरक्षा पात्रतेच्या १३ कसोट्या आहेत. त्यात परकीय प्रभाव ही एक, परकीय पसंती ही दुसरी, आणि वैयक्तिक वर्तन ही आणखी एक. भारतातले नातेवाईक आणि मालमत्ता पहिल्या कसोटीत येतात. तिथे बघतात की नातं किती जवळचं, तो देश कसा, कुणी त्या नात्याचा दाब तुझ्यावर आणू शकेल का, आणि तुझी मुळं इथे किती खोल गेली आहेत. लपवणं वैयक्तिक वर्तनात येतं. तिथून बाहेर पडणं फार अवघड. संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाचे निकाल नावं काढून सगळ्यांना वाचायला ठेवलेले असतात. भारतात जन्मलेले अर्जदार त्यात वारंवार भेटतात. चार-पाच निकाल वाचून बघ. फ्लॅट असणं आणि फ्लॅट लपवणं यातला फरक तुला माझ्यापेक्षा तिथला न्यायाधीश चांगला समजावेल.

म्हणून मला आधी सांग, पहिल्या अर्जात, म्हणजे एसएफ-८६ मध्ये, कोथरूडचा फ्लॅट लिहिला होतास का? लिहिला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. नसेल, तर फ्लॅट विकून तो प्रश्न मिटत नाही. कुणी विचारायच्या आधी स्वतःहून, लवकर आणि प्रामाणिकपणे केलेली दुरुस्ती कसोट्यांमध्ये तुझ्या बाजूने धरली जाते. विचारल्यावर केलेली तितकी नाही. याबाबतीत फुकटच्या सल्ल्यावर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. क्लिअरन्सच्या वकिलाशी एक तास बोल, मग एफएसओकडे जा.

विक्रीचा पैसा आला की आणखी एक नियम आडवा येतो. २०१७ पासून लागू झालेल्या नोंद देण्याच्या आदेशात १० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम अचानक हातात आली तर कळवा असं आहे. कोथरूडच्या फ्लॅटचे एवढेच येतील असं समजू नकोस. भारतातला मालमत्ता कर, खरेदीखत, बँकेचा कागद, सीएचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये लाव. एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या, खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर आणता येतात, ती अडचण नाही. अडचण इथल्या करात होते. विक्रीचा नफा इथल्या रिटर्नमध्येही दाखवावा लागतो. आणि परदेशी खात्यांमधली एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावाच लागतो. आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात मोजायचं. ते नेमकं लोक विसरतात.

प्रवासाचं बघ. कामावर असेपर्यंत परदेश प्रवास जाण्याआधी कळवायचा असतो. तुझं जायचं जवळपास ठरलंय ना? मग एफएसओ आहे तोवरच सांगून टाक: बाबांचं ऑपरेशन, सहा आठवडे, अमुक तारखा. डीब्रीफ झाल्यावर कळवायला तुझा एफएसओच उरत नाही, पण घडलेल्या गोष्टी पुढच्या अर्जात येणारच असतात. म्हणून एक वही कर. प्रवासाच्या तारखा, कुणाकडे राहिलास, कुठलं खातं उघडलं-बंद केलं, कुठल्या सरकारी माणसाशी नेहमीपेक्षा वेगळं काही बोलणं झालं. नव्या कंपनीत पहिल्याच दिवशी ती वही एफएसओच्या टेबलावर ठेव. सात वर्षांनी ‘२०२६ मध्ये तुम्ही सांगलीला किती दिवस होता’ असं कुणी विचारलं, तर तुझी वही बोलेल.

आई-बाबांच्या सहा महिन्यांचं मात्र जरा हसत वाच. नोंद देण्याच्या त्याच आदेशात टॉप सिक्रेटवाल्यांसाठी एक कलम आहे: परदेशी नागरिक ‘रूममेट’ ३० दिवसांपेक्षा जास्त घरात राहिला तर कळवा. माझ्याकडे एक मुलगा होता, हुशार, निर्व्यसनी, वेळेवर टॅक्स भरणारा. त्याचे आई-बाबा पाच महिने राहून, दोन डबे लोणचं करून परत गेले. त्याने कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा तो थक्क झाला. ‘ताई, आई-बाबांना परदेशी रूममेट कोण म्हणतं?’ सरकार म्हणतं. त्याने लपवलं नव्हतं, त्याला ते सुचलंच नव्हतं. उशिरा का होईना नोंद दिली, पुढे काही झालं नाही. तू आधी दे. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असतील किंवा घरातलं कुणी पोलिसात, सैन्यात असेल, तर तेही लिही. ‘तहसील कचेरीतले कारकून, निवृत्त’ हे वाक्य अर्जात कुणाला खटकत नाही. पण सापडल्यावर खटकतं.

ओसीआयचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, त्यावर मतदान करता येत नाही. पण दिसायला ते पासपोर्टसारखं पुस्तक आहे आणि त्याच्या नावात ‘सिटिझन’ शब्द आहे. तपासनीसाला तो फरक ठाऊक असेलच असं नाही. म्हणून स्वतःहून दाखव, समजावून सांग, आणि जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला त्याच फाइलमध्ये लाव.

पैशांबद्दल थोडं, कारण क्लिअरन्स नाकारले जायची सगळ्यात नेहमीची कारणं पैशांचीच असतात. खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकार बंद पडतं तेव्हा सरकारी नोकरांना नंतर का होईना पगार मिळतो, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तशी कायद्याची हमी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले ते ४३ दिवस आठव. कर्ज १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं की तेही कळवायच्या यादीत येतं. नोकरी गेल्यामुळे हप्ता चुकला ही सबब चालते, पण तू काय केलंस ते बघतात. हप्ता चुकायच्या आधी बँकेला फोन केलास, हप्ते कमी करून घेतलेस, त्याची ईमेल जपलीस, तर ती ईमेल सोन्याची. रिकामा वेळ आहे म्हणून मेरिलँडमधल्या मित्राकडे गांजाचा झुरकाही नको. तो तिथे राज्याच्या कायद्याने चालतो, फेडरल कायद्याने चालत नाही, आणि तुझी कसोटी फेडरल आहे. समुपदेशकाकडे मात्र निःशंक जा. झोप उडाली म्हणून मदत घेतली, एवढ्यावरून कुणाचा क्लिअरन्स जात नाही.

आज घरी गेल्यावर एवढं कर. एफएसओला तीन ओळींची ईमेल: भेटीची वेळ, सांगलीच्या तारखा, फ्लॅटची विक्री. मग ॲमेझॉनवरून नको, कोपऱ्यावरच्या सीव्हीएसमधून एक दोनशे पानी वही आण. पहिल्या पानावर डीब्रीफची तारीख लिही, तिच्यापुढे २४ महिन्यांनंतरची तारीख. बाबांना विचार ऑपरेशन एका गुडघ्याचं आहे की दोन्ही. दोन्ही असेल तर सहा आठवडे पुरणार नाहीत, तिकीट बदलता येईल असंच काढ.